टक्केवारी छापण्याआधी प्रश्न काय विचारला ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'अमुक टक्के तरुणी स्वतःच्या शरीरावर नाराज' अशी बातमी वर्षातून दोन-चार वेळा तरी वाचायला मिळते. कधी महाविद्यालयाचं सर्वेक्षण, कधी महिला दिनाची पाहणी, कधी एखाद्या कंपनीची मोहीम. आकडा ठळक अक्षरांत असतो. मुलींना नेमका प्रश्न काय विचारला, कुठल्या शब्दांत विचारला, उत्तर देताना शेजारी कोण बसलं होतं, यातलं काहीच बातमीत नसतं. आम्ही दोघी मानसशास्त्र शिकवतो आणि देहप्रतिमेच्या, म्हणजे स्वतःच्या शरीराबद्दल मनात असलेल्या चित्राच्या आणि भावनेच्या, मापनाचं काम करतो, म्हणून हे पत्र. ते लांबलं आहे, पण दोन ओळींत उरकण्यासारखा हा विषय नाही.

पहिला गोंधळ मत आणि भावना यांचा. 'माझं वजन जरा जास्त आहे' हे झालं मत. ट्रायल रूममध्ये जीन्स मांडीवर अडकली की डोळ्यांत पाणी येतं, ग्रुप फोटोत स्वतःला पाहून चेहरा उतरतो, ही भावना. मत महिनोन्‌महिने टिकतं, भावना बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांत ओसरते. दोन्ही मोजता येतात, पण एकाच पट्टीने नाही. ब्रिटनमध्ये १९८७ साली तयार झालेली 'बॉडी शेप क्वेश्चनेअर' ही ३४ प्रश्नांची प्रश्नावली गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारते. प्रत्येक उत्तराला १ ते ६ गुण, म्हणजे एकूण ३४ ते २०४. ती मुरलेली काळजी मोजते. थॉमस कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली 'बॉडी इमेज स्टेट्स स्केल' फक्त सहा प्रश्नांची आहे आणि 'आत्ता, या क्षणी' कसं वाटतंय ते नऊ पायऱ्यांवर विचारते. एखादा व्हिडिओ पाहिल्याने मुलींना काय वाटलं हे शोधायचं असेल तर ही दुसरी हवी. तिथे पहिली वापरली, तर चार आठवड्यांचा हिशेब दहा मिनिटांत बदलणार नाही आणि 'व्हिडिओचा काहीच परिणाम होत नाही' असा निष्कर्ष निघेल. असे निष्कर्ष निघतातही.

सगळ्यात लोकप्रिय आहे ती चित्रांची ओळ. स्टंकार्ड, सोरेन्सन आणि शुल्सिंगर यांची १९८३ ची नऊ आकृत्यांची पट्टी, डावीकडे अगदी बारीक, उजवीकडे अगदी जाड. 'आत्ता कशी दिसते' आणि 'कसं दिसायला आवडेल' अशा दोन आकृत्यांवर खूण करायची आणि वजाबाकी करायची. सोपं आहे, लिहिता-वाचता न येणारीलाही जमतं. पण वजाबाकीतून अंतर कळतं, त्या अंतराचं दुःख किती ते कळत नाही. दोन घरांचं, म्हणजे दोन आकृत्यांचं, अंतर असून मजेत राहणाऱ्या मुली असतात, आणि अंतर शून्य असूनही रोज रात्री टेप घेऊन कंबर मोजणाऱ्याही असतात. त्यात सरासरीचा घोळ. चाळीस जणींच्या वर्गात वीस जणींना दोन घरं बारीक व्हायचं असेल आणि वीस जणींना दोन घरं भरायचं असेल, तर अधिक दोन आणि उणे दोन मिळून सरासरी शून्य येते. अहवालात 'मुली समाधानी' असं लिहिलं जातं. प्रत्यक्षात त्या वर्गात समाधानी अशी एकही नाही.

आपल्याकडे ही अडचण फार खरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १८.७ टक्के स्त्रियांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.५ पेक्षा कमी होता आणि २४ टक्के स्त्रियांचा २५ किंवा त्याहून जास्त. 'काडी', 'लुकडी' ऐकून घेणारी आणि 'भोपळा' ऐकून घेणारी एकाच बाकावर बसतात. म्हणून अधिक आणि उणे वेगवेगळे मोजावेत. आकृत्याही ओळीने न छापता सुट्या पत्त्यांवर चिकटवाव्यात आणि पिसून द्याव्यात. ओळीत दिल्या की नजर आधी मधल्या पाचवीवर जाते आणि उत्तर तिच्या आसपास घुटमळतं.

मोजमाप सर्वांत जास्त बिघडतं ते भाषांतरात.

भावना मोजायला जगभर वापरली जाणारी 'पॅनास' ही यादी (वॉटसन, क्लार्क आणि टेलेजेन, १९८८) वीस इंग्रजी विशेषणांची आहे. दहा सुखद, दहा त्रासदायक. ती शब्दकोश उघडून मराठीत आणली की काय होतं पाहा. 'स्केअर्ड' आणि 'अफ्रेड' या दोन्हींचं 'घाबरलेली'. 'नर्व्हस' आणि 'जिटरी' या दोन्हींचं 'अस्वस्थ', आणि 'अपसेट'चंही जवळपास तेच. दहातले सहा-सातच शब्द उरतात. तोच प्रश्न दोनदा विचारला की उत्तरं जुळणारच. मग प्रश्नावलीची अंतर्गत सुसंगती दाखवणारा क्रोनबाख अल्फा उगाच फुगतो आणि संशोधकाला वाटतं, काम चोख झालं. 'एक्सायटेड'साठी 'उत्तेजित' लिहिलं तर वर्गात खसखस पिकते आणि पुढच्या उत्तरांचा गांभीर्याशी संबंध उरत नाही. 'प्राउड'चं 'गर्विष्ठ' केलं की ती शिवीच झाली. स्वतःला त्यात पाचपैकी चार गुण कोण देणार?

मूळ अडचण व्याकरणाची आहे. मराठीत 'मी लज्जित आहे' असं कुणी बोलत नाही. लाज वाटते, राग येतो, कसंनुसं होतं. आपल्याकडे भावना येते, वाटते, होते, आणि ती 'मला' होते. म्हणून विशेषणांच्या यादीऐवजी छोटी वाक्यं द्यावीत: 'आत्ता मला अवघडल्यासारखं झालंय', 'आत्ता मला स्वतःचा राग येतोय', 'आत्ता कुणाच्या नजरेस पडू नये असं वाटतंय'. मुली अशा वाक्यांवर पटकन खूण करतात, पेन हवेत धरून विचार करत बसत नाहीत.

एकट्या 'लाज' या शब्दावर सबंध अभ्यास कोसळू शकतो. लाज म्हणजे बुजरेपणा, लाज म्हणजे केल्याची शरम, आणि 'मुलीला जरा लाज हवी' म्हणतात ती मर्यादाही. 'तुम्हाला तुमच्या शरीराची लाज वाटते का?' याला 'नेहमी' असं उत्तर देणारी मुलगी स्वतःचा तिटकारा करते की नुसती ओढणी सांभाळते? गुण दोघींना सारखेच. हा प्रश्न फोडायलाच हवा. 'लोक बघायला लागले की संकोच होतो' हा एक, 'माझ्या दिसण्यामुळे चारचौघांत ओशाळल्यासारखं होतं' हा दुसरा, 'आरशात स्वतःकडे बघून किळस वाटते' हा तिसरा. पहिल्याला खूप जणी होकार देतील, त्यात घाबरण्यासारखं फारसं नाही. तिसऱ्याला वरचे गुण देणाऱ्या मुलीशी मात्र त्याच आठवड्यात कुणीतरी बोललं पाहिजे.

'शरीर' हा शब्दही तसाच फसवा. 'शरीराबद्दल समाधानी आहात का?' म्हटलं की अनेक जणी 'आजारपण नाही ना' एवढंच ऐकतात. शरीरसंपदा, शरीर साथ देत नाही, हा आपला रोजचा वापर. दिसण्याबद्दल विचारायचं असेल तर दिसणं, बांधा, उंची, रंग असं सुटं सुटं विचारावं. 'तब्येत' तर प्रश्नात नकोच. लग्नघरात मावशी 'तब्येत सुधारली गं तुझी' म्हणते ते कौतुकाने. मुलगी त्यातून 'जाड झालीस' एवढंच घेते आणि त्या दिवशी जिलबी ताटात तशीच ठेवते. बाहेरून आलेल्या बहुतेक प्रश्नावल्यांत पोट, मांड्या, नितंब यांचे प्रश्न असतात, कातडीच्या रंगाचा नसतो. जिथे 'फेअर अँड लव्हली' हे नाव १९७५ पासून २०२० पर्यंत तसंच चाललं आणि स्थळांच्या जाहिरातींत अजून 'गोरी, सडपातळ' असं छापून येतं, तिथे रंग वगळून दिसण्याचं दुःख मोजलं असं म्हणताच येणार नाही. चेहऱ्यावरचे केस आणि मुरुमांचे डाग यांचंही तेच.

उपवासाची गोष्ट जुनी आहे, तरी विसरली जाते. मायकल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी १९८९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तर भारतातल्या एका शहरातल्या ५८० शाळकरी मुलींना खाण्याच्या सवयींची २६ प्रश्नांची प्रसिद्ध चाचणी, 'ईट-२६', हिंदीतून दिली होती. २९ टक्के मुली धोक्याच्या रेषेपलीकडे गेल्या. खोलात गेल्यावर दिसलं की पाच प्रश्नांची उत्तरं एका विशिष्ट पद्धतीने येत होती आणि त्यांचा अर्थ आजाराशी नाही, तिथल्या चालीरीतींशी जोडायला हवा होता. ते पाच प्रश्न तपासले नसते तर '२९ टक्के मुलींना खाण्याचा विकार' अशी बातमी झाली असती. आपल्याकडे 'भूक लागली तरी खाणं टाळते' याला संकष्टी, गुरुवार, नवरात्र करणारी मुलगी प्रामाणिकपणे 'नेहमी' लिहील. 'अन्नाचे बारीक तुकडे करून खाते' हे भाकरी मोडून खाणारीला काय विचारावं? उपाय अवघड नाही. अशा प्रत्येक प्रश्नाखाली 'कशासाठी?' अशी एक ओळ आणि तीन चौकटी ठेवाव्यात: व्रत, वजन, इतर. 'अंगाला घट्ट बसणारे कपडे टाळते' या प्रश्नालाही तीच ओळ लागते, कारण कपडे पुष्कळदा घरचे किंवा कॉलेजचे नियम ठरवतात. मात्र व्रताच्या आडून वजन कमी करणाऱ्याही मुली असतात. म्हणून दोन चौकटींवर खूण करायची मुभा हवी.

आणखी एक बारीक काटा आहे. 'मला माझं दिसणं आवडत नाही' या वाक्यापुढे 'कधीच नाही' हा पर्याय ठेवला की दोन नकार समोरासमोर येतात. 'आवडत नाही, असं कधीच होत नाही' हे मनात उलगडायला वेळ लागतो आणि घाईत उलटी खूण होते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे घोटाळा जास्तच. अशी वाक्यं 'मला माझं दिसणं नकोसं होतं' अशी होकारात फिरवावीत. आणि 'आपणांस'ने सुरू होणारा प्रश्न सरकारी अर्जासारखा वाटतो, त्याला उत्तरही तसंच कोरडं मिळतं. 'तुम्हाला' पुरे.

भाषांतराची रीत ठरलेली आहे. दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, त्यातल्या एकाला विषयाची माहिती नसावी. दोन्ही एकत्र करून एक मसुदा. मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी तो पुन्हा इंग्रजीत न्यायचा. मग सगळे एका टेबलाभोवती बसून प्रत्येक वाक्यावर वाद. त्यानंतर ३० ते ४० मुलींवर चाचणी, आणि त्यातल्या आठ-दहा जणींजवळ बसून 'हा प्रश्न वाचल्यावर मनात काय आलं ते मोठ्याने सांगा' असं विचारायचं. या आठ-दहा जणी सगळ्या पुण्याच्या पेठांतल्या असून चालणार नाही. वऱ्हाडातली, खानदेशातली, कोकणातली अशी प्रत्येकी एखादी तरी हवी. शेवटी दर प्रश्नामागे निदान पाच ते दहा मुली या हिशेबाने ३४ प्रश्नांना १७० ते ३४० मुली, आणि त्यातल्या पन्नासेक जणींना दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा. एवढं झाल्यावरही परदेशी सीमारेषा इथे लावू नये. 'बॉडी शेप क्वेश्चनेअर'चे ८०, ११० आणि १४० हे टप्पे ब्रिटनमधल्या स्त्रियांच्या उत्तरांवरून आले आहेत. त्यांच्या आधारे अमरावतीच्या मुलीला 'मध्यम चिंताग्रस्त' ठरवणं चूक आहे.

आता प्रत्यक्ष प्रतिसादाचं मापन. नेहमीचा प्रयोग असा असतो: एका गटाला बारीक मॉडेलची छायाचित्रं दाखवायची, दुसऱ्याला घरातल्या वस्तूंची किंवा निसर्गाची, आणि आधी-नंतर मनःस्थिती विचारायची. मुलींना आधीच 'देहप्रतिमेचा अभ्यास' असं सांगितलं तर त्या अपेक्षित उत्तर देतात. म्हणून 'जाहिराती किती लक्षात राहतात' असं निमित्त सांगतात आणि प्रयोग संपताच खरा हेतू उघड करतात. मुरलेली काळजी मोजणारी लांब प्रश्नावली त्याच बैठकीत देऊ नये. आठ-दहा दिवस आधी, वेगळ्या कामासोबत द्यावी. जेवणानंतर किती वेळ झाला आणि पाळीचा कितवा दिवस, हे शेवटी नोंदवावं. पाळीच्या आसपास बऱ्याच जणींची स्वतःच्या दिसण्याबद्दलची नाराजी वाढते, आणि ते बिल छायाचित्रांच्या नावावर फाडलं जातं.

विचारण्याचं सर्वांत साधं साधन म्हणजे १०० मिलिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला 'अजिबात नाही', उजव्या टोकाला 'इतकं की सहन होत नाही', वर वाक्य 'आत्ता मला स्वतःचा राग येतोय'. मुलगी पेनाने एक उभी खूण करते, आपण डावीकडून पट्टीने मोजतो. ४१ मिलिमीटर म्हणजे ४१. यात वाट लागते ती झेरॉक्समध्ये. प्रिंटरवर 'फिट टू पेज' राहिलं की रेघ ९६-९७ मिलिमीटरची होते. आधीचा कागद एका मशीनवरचा आणि नंतरचा दुसऱ्यावरचा असेल तर तीन-चार मिलिमीटरचा फरक नुसत्या कागदानेच निर्माण केलेला असतो. प्रत्येक गठ्ठ्यातली एक रेघ पट्टी लावून मोजावी. मोबाइलवर सरकती खूण द्यायची असेल तर ती सुरुवातीला मधोमध दिसू नये, नाहीतर कंटाळलेली मुलगी तिला हातही लावत नाही आणि पन्नास गुण नोंदले जातात. बोट टेकवल्यावरच खूण उमटेल अशी सोय करावी. ज्यांना वाक्यं वाचायला जड जातात त्यांच्यासाठी ब्रॅडली आणि लँग यांची १९९४ ची माणसाच्या चित्रांची पट्टी आहे. ती सुखद-दुःखद, शांत-अस्वस्थ आणि काबूत-बेकाबू अशा तीन गोष्टी चित्रांवरच विचारते.

हे मिलिमीटर एवढे जपायचे कारण परिणाम मुळात लहान असतो. ग्रोएझ, लेव्हिन आणि मर्नन यांनी २००२ मध्ये असे २५ अभ्यास एकत्र केले तेव्हा बारीक मॉडेलच्या छायाचित्रांचा परिणाम सरासरी उणे ०.३१ निघाला, म्हणजे देहप्रतिमा बिघडली, पण ती गुणांच्या प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) जेमतेम तिसऱ्या हिश्शाने. १९ वर्षांखालच्या मुलींत आणि आधीच काळजी असणाऱ्यांत तो जास्त होता. रेघेवरचं विचलन २० ते २५ मिलिमीटर धरलं तर हा फरक सहा-आठ मिलिमीटर भरतो. एवढा फरक पकडायचा असेल, आणि तो खरोखर असताना पाचपैकी चार वेळा सापडावा असं वाटत असेल, तर दोन गटांत प्रत्येकी सुमारे १६५ मुली लागतात. आपल्याकडचे प्रकल्प तीस-तीस मुलींवर होतात. तेवढ्यांत पाऊण विचलनाएवढा मोठा फरकच भरवशाने दिसतो. म्हणून 'परिणाम नाही' असं तीस जणींवरून सांगणाऱ्या प्रकल्पाने खरं तर काहीच सांगितलेलं नसतं.

यंत्रं लावली की शास्त्रीय वाटतं, म्हणून त्याबद्दल थोडं. तळहाताच्या कातडीची विद्युतवाहकता घामाने बदलते आणि ती मायक्रोसीमेन्समध्ये मोजतात. नेहमीच्या कामाच्या नसलेल्या हाताच्या दोन बोटांना इलेक्ट्रोड, हात फक्त पाण्याने धुतलेले, अंगठ्या काढलेल्या, आणि चित्रं सुरू करण्याआधी पाच-दहा मिनिटं स्वस्थ बसणं. चित्र दिसल्यापासून एक ते तीन सेकंदांत सुरू होणारी, निदान ०.०५ मायक्रोसीमेन्सची उसळी प्रतिसाद म्हणून धरतात. खोकला, दीर्घ श्वास, दार आपटणं यानेही तशीच उसळी येते, म्हणून कुणीतरी शेजारी बसून प्रत्येकाची वेळ टिपायला हवी. छताचा पंखा थेट हातावर असला, बोटं गार पडली, की प्रतिसाद मंदावतो. आणि सगळं जमलं तरी हे यंत्र फक्त 'काहीतरी झालं' एवढंच सांगतं. आनंद झाला की वाईट वाटलं, ते नाही. त्यासाठी भुवईजवळच्या आठी घालणाऱ्या स्नायूची आणि गालाच्या स्नायूची विद्युत हालचाल मोजतात. नकोसं चित्र दिसलं की चेहऱ्यावर काही न दिसताही पहिला स्नायू आखडतो. तिथली पावडर, सनस्क्रीन, केसांवरून कपाळावर उतरलेलं तेल पुसावं लागतं. टिकली आड येत असेल तर ती काढायला सांगण्याऐवजी 'थोडी वर सरकवाल का?' असं विचारावं. एवढ्याशा गोष्टीने मुलगी अवघडली की तेच अवघडणं आपण मोजत बसतो. जपानमध्ये हिरोशिमा विद्यापीठातल्या संशोधकांनी देहप्रतिमेविषयीचे अप्रिय शब्द वाचताना तरुणींच्या मेंदूतला अमिग्डाला हा भावनांशी निगडित भाग सक्रिय होतो असं एमआरआयमधून दाखवलं. ज्ञानासाठी ते मोलाचं आहे, पण त्यावरून एखाद्या मुलीची तपासणी करता येत नाही. महाविद्यालयांनी यंत्रांच्या मागे लागू नये, रेघ नीट छापावी.

रोजच्या जगण्यातली भावना पकडायची तर मोबाइल चांगला. सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळाचे पाच तुकडे, प्रत्येक तुकड्यात केव्हातरी एक सूचना, चार-पाच प्रश्न, एका मिनिटाच्या आत उत्तर, सात दिवस. म्हणजे एका मुलीकडून जास्तीत जास्त ३५ नोंदी. वर्गात तास चालू असताना फोन बंद असतो, वसतिगृहात तो जमा करून घेतात, घरात तो भावाच्या हातातही असतो. म्हणून सूचनेच्या ओळीत 'शरीर', 'वजन' असे शब्द नसावेत. नुसतं 'नोंदीची वेळ' चालेल. सुटलेल्या नोंदी हलक्यात घेऊ नका. ज्या क्षणी स्वतःचा सगळ्यात जास्त राग येतो, त्याच क्षणी फोनकडे बघायची इच्छा नसते. त्यामुळे सरासरी नेहमी खऱ्यापेक्षा बरी दिसते.

वजन-उंचीबद्दल आमचा आग्रह आहे. सर्वेक्षणाच्या पहिल्या पानावर 'वजन: ___ किलो' असतं, किंवा दाराशीच काटा मांडलेला असतो आणि शिक्षिका आकडा मोठ्याने वाचून लिहून घेते. पुढच्या प्रश्नांना मिळतं ते त्या आकड्याचं उत्तर. वजन सगळ्यात शेवटी, आडोशाला, एकेकीचं घ्यावं. मुलीने चपला काढून काट्यावर पाठमोरं उभं राहायचं, म्हणजे आकडा तिला दिसत नाही. मोजणारी तो दोनदा बघते, काही न बोलता कागदावर लिहिते आणि कागद घडी घालते. 'अरे वा' नाही, 'बाप रे' तर नाहीच. तिला आकडा हवा असेल तर बाहेर आल्यावर एकटीला सांगावा.

गुगल फॉर्मवर 'नाव लिहू नका' असं लिहून ईमेल गोळा करण्याची सोय चालू ठेवणं ही सरळ फसवणूक आहे. ती होते बहुधा निष्काळजीपणातून, पण मुलींना ते कळतं. अकरावी-बारावीच्या बहुतेक मुली १८ वर्षांखालच्या असतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तिथे पालकांची संमती हवी, मुलीचीही वेगळी संमती हवी आणि त्याआधी नीतिसमितीची मंजुरी. वर्गशिक्षिकेने बाकांमधून फेऱ्या मारत फॉर्म भरून घेणं म्हणजे संमती नव्हे. उलट्या काढणं, दिवसेंदिवस उपाशी राहणं, जगणं नकोसं होणं अशी उत्तरं कुणाकडून आली तर त्याच दिवशी कोण बोलणार, हे फॉर्म वाटण्याआधी ठरलेलं असावं. समुपदेशक नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकीच्या कागदावर छापलेला असावा, निवडक जणींच्या नाही. नाहीतर तो कागद ज्या मुलीच्या हातात दिसेल तिच्याकडे बोट दाखवलं जाईल.

संपादक महोदय, अशी पाहणी आपल्याकडे आली तर कृपया कोरा फॉर्म मागून घ्या आणि टक्केवारीशेजारी मूळ प्रश्न जसाच्या तसा चौकटीत छापा. किती मुलींना विचारलं, किती जणींनी उत्तर दिलं नाही, वजन आधी घेतलं की नंतर, ही माहितीही त्याच चौकटीत मावते. फॉर्म द्यायला नकार मिळाला तर तसं लिहून आकडा गाळावा. मराठीत नीट तपासलेली प्रश्नावली तयार करू पाहणाऱ्या कोणत्याही महाविद्यालयासोबत बसून एकेका वाक्यावर काम करायला आम्ही तयार आहोत. आपल्या कार्यालयामार्फत पत्र आलं तरी चालेल.

आपल्या,
मानसशास्त्राच्या दोन अध्यापिका, पुणे